टायर दाताला कसाय?

आमच्या बोलेरोचे टायर गोटा झालेत, ही बातमी सातवीतल्या एका पोराने फोडली. मला नव्हे, त्याच्या दोस्ताला. शाळेच्या फाटकाशी गाडी लावून मी उतरत होतो आणि हा पठ्ठ्या पुढच्या टायरवर हात फिरवत म्हणत होता, "बग की, सरच्या टकुऱ्यावानी झालाय." मी ऐकलंच नाही. मास्तरकीत टिकायचं तर हे कसब लागतं.

संध्याकाळी मोबाइलचा उजेड पाडून गाडीपाशी उकिडवा बसलो. टायरच्या खाचेत आडवा असा एक बारीक उंचवटा असतो. रबर झिजत झिजत त्याच्या बरोबरीला आलं, की खाच १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला असं समजायचं. मला तो उंचवटा काही केल्या सापडेना. खाच, उंचवटा, रबर सगळं एका पातळीला आलं होतं. रामराज्यच.

आता टायर घ्यायचे म्हटल्यावर साधे घ्यावेत, हा विचार माणसाला सुचायला हवा. मला तो सुचला नाही, कारण माझा संसार राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर धोतरासारखा वाळत घातलाय. एक टोक नांदेडला, तिथे माझी नोकरी. दुसरं लातूरला, तिथे बायको आणि अकरावीतला मुलगा. अकरावी-बारावीच्या लातूर पॅटर्नच्या कृपेने आमच्याकडची कितीतरी जोडपी दोन वर्षं अशी सोडचिठ्ठी न घेता वेगळी राहतात. आई डब्यासाठी लातुरात, बाप हप्त्यांसाठी नोकरीच्या गावी. आणि हे धोतर मध्ये जिथे लोंबून जमिनीला टेकतं, तिथे अहमदपूर तालुक्यात आमचं वावर. सडकेपासून अडीच किलोमीटर आत. पाणंदीने.

मी गणित शिकवतो, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय राहवलं नाही. शनिवारची सकाळची शाळा सुटली की लातूर, रविवारी रात्री परत. जाऊन-येऊन २८० किलोमीटर. वर्षाची सडक झाली १४,५६०. आठवड्याआड वावराकडे वळतो, पाणंदीचे पाच किलोमीटर, म्हणजे वर्षाला १३०. हे १३०सुद्धा सगळे चिखलाचे नव्हेत. संक्रांतीनंतर आमची पाणंद अशी टणक होते की तिच्यावर पापड लाटावेत. खऱ्या चिखलाच्या फेऱ्या आठ, म्हणजे ४० किलोमीटर. थोडक्यात, साडेतीनशेहून जास्त किलोमीटर गाडी चालावी तेव्हा त्यात एक चिखलाचा येतो. त्या एकासाठी मी पाच आठवडे टायर शोधत होतो. एवढा अभ्यास खात्याच्या परीक्षेचा केला असता तर आज शिक्षणाधिकारी असतो आणि टायर सरकारी असते.

टायरांच्या गावात मुख्य भावक्या तीन. एच-टी म्हणजे सडकेचा. मऊ बोलणारा, डिझेल कमी पिणारा, पगारदार माणूस. एम-टी म्हणजे चिखलाचा. अंगावर रबराच्या ढेपा, सडकेवर आवाज रोडरोलरचा, ओल्या डांबरावर ब्रेक दाबला की थांबायचं की नाही यावर थोडा विचार करणारा. आणि दोघांच्या बांधावर बसलेला ए-टी, म्हणजे सगळ्या भूमीवर चालणारा. आमच्याकडे त्याला सरळ बटन टायर म्हणतात. बांधावरच्या माणसाला दोन्ही शेजारी आपला म्हणत नाहीत. पण त्याला दोन्हीकडच्या आंब्याखाली बसता येतं, हे मात्र खरं.

शिक्षक खोलीत विषय काढण्याची चूक केली. विज्ञानवाल्या सरांनी फळ्यावर आकृती काढून दाखवलं की बटन टायरमध्ये मोकळ्या खाचा जास्त, म्हणून सडकेला टेकणारं रबर कमी, म्हणून पावसात घसरण्याची शक्यता जास्त. पीटीचे सर म्हणाले, घ्यायचा तर एम-टीच घ्या, गाडी कशी मर्दानी दिसते. त्यांच्याकडे स्कूटी आहे. क्लार्क म्हणाले, जुनेच रिमोल्ड करा, वाचलेल्या पैशांची एफडी करा. आमचे शिपाईमामा चहाचे कप गोळा करता करता म्हणाले, "सर, चिखलात जाताव कशाला?" हा प्रश्न मी कानाआड केला. त्याचं उत्तर कुठल्याच टायरच्या दुकानात मिळण्यासारखं नव्हतं.

बटन टायरांचा अभ्यास करायचा तर लातूरच्या रिंग रोडला उभं राहावं. संध्याकाळी एकेक थार अशी निघते की आत्ताच लडाखहून आली आणि उद्या परत निघणार. अठरा इंची रिम, त्यावर २५५ मिलिमीटर रुंदीचा टायर, त्या टायरला काळं पॉलिश. एवढं काळं आणि एवढं चकचकीत, की माशी बसली तर घसरावी. या टायरांनी चिखल पाहिला असेल तर टायरच्याच जाहिरातीत. गावातल्या गंज गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या सोळांतल्या एकावरही बटन टायरवाचून अडेल असं काही नाही. अडलंच तर गाडी लावायला जागा शोधताना दुभाजकावर चढण्यापुरतं. आणि हे ते गाव, जिथे १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा माणसं ड्रायव्हरला हार घालायला धावली होती. त्या गावात चिखलाचे टायर खपतात यात आशावाद किती आहे ते बघा.

हसायचं ते हसा, पण २०२५ च्या सप्टेंबरात आमच्याकडे जो पाऊस झाला त्याच्यावर मी विनोद करणार नाही. नांदेड काय, लातूर काय, नद्यांनी माती खरवडून नेली आणि कितीतरी जणांच्या हातात फक्त सातबारा उरला. आमची पाणंद त्यातलीच. पाणी ओसरल्यावर तिच्यात हातभर खोल चाकोऱ्या राहिल्या आणि माझ्या डोक्यात बटन टायर पक्का बसला. त्यात २२ सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. सरकार एवढं म्हणतंय तर, असं म्हणून दसऱ्याचा मुहूर्त धरला.

नेमके तात्या त्या दिवशी नांदेडला डोळे दाखवायला आलेले. तात्या माझे चुलते. वय अठ्ठ्याहत्तर. उभं आयुष्य हाळी-हंडरगुळीच्या बाजारात आणि माळेगावच्या यात्रेत जनावरं पारखण्यात गेलेलं. देवणी असो की लाल कंधारी, नुसत्या चालीवरून कोणता बैल उन्हाळ्यात बसणार ते सांगायचे. डोळ्यांत औषध घातल्याने त्यांना दोन तास नीट दिसणार नव्हतं. म्हणाले, "चल, मीबी येतो. पारख हातानं होती."

लातूर फाट्याजवळच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने आधी चहा सांगितला, मग साइज विचारली. मी तोंडपाठ म्हणालो, "दोनशे पंधरा, पंचाहत्तर, आर पंधरा."

तात्या दचकले. "आरं, भाव त्यानं सांगायचा असतो."

भाव नव्हे हो, माप आहे, असं म्हणून मी समजावलं. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे त्या रुंदीच्या पंचाहत्तर टक्के एवढी टायरच्या कडेची उंची. मधला आर रेडियलचा. १५ म्हणजे रिम पंधरा इंची. सांगता सांगता माझंच मला लाजल्यासारखं झालं. एका मापात मिलिमीटर, टक्के आणि इंच! सातवीच्या पोराने अशी एककं मिसळली तर मी अर्धा मार्क कापतो.

दुकानदाराने दोन-तीन टायर पुढ्यात उभे केले. तात्यांनी धोतर सावरलं, एका टायरपुढे उकिडवे बसले आणि कामाला लागले. आधी पाठीवर थाप. मग कडेवर अंगठा दाबून बघितला, जसा बैलाच्या वशिंडावर दाबतात. मग रबराचा वास घेतला. नव्या टायरला बारीक रबरी केस असतात, साच्याच्या भोकांतून रबर निसटून तयार होणारे. तात्यांच्या बोटांना ते लागले, तसा त्यांचा चेहरा उजळला.

"लव हाय अजून अंगावर. दाताला कसाय?"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी दुभाष्याचं काम केलं. तात्या वय विचारतायत. बैल आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती, सहा दाती की जुळला, यावर त्याची किंमत ठरते. जुळल्यावर मात्र खरं वय त्याचा मालक आणि देव या दोघांनाच ठाऊक. टायरचं तसं नाही. दुकानदाराने कडेवरचे चार आकडे दाखवले, १३२५. शेवटचे दोन म्हणजे २०२५ साल, आधीचे दोन म्हणजे तेरावा आठवडा.

"म्हंजी पाडव्याच्या आठवड्यातला," तात्यांनी मनात पंचांग उलटलं. "आदतच हाय. आन् ह्ये आकडे कुनी खरवडून नवे घालीत न्हाई?" शिंगं तासून, तेल लावून म्हातारा बैल तरणा करणारे हेडे त्यांनी पाहिले होते. दुकानदाराने आकडे रबरातच ओतलेले असतात हे सांगितलं, तरी तात्यांनी नखाने एकदा खरवडून घेतलंच.

ओझ्याचा आकडा त्यांना मनापासून आवडला. टायरवर १०० एस लिहिलं होतं. शंभर म्हणजे शंभर किलो नव्हे. तो तक्त्यातला क्रमांक, त्याचा अर्थ एका टायरवर ८०० किलो. एस म्हणजे ताशी १८० पर्यंत वेग. "आठ क्विंटल एक जन वडतो?" तात्या म्हणाले. "आन् एवढा पळतो? मंग खातो किती?" इथे दुकानदार जरा अडखळला. बटन टायर सडकेवर जड फिरतो, गाडीचं अ‍ॅव्हरेज थोडं पडतं, हे तो पुढच्या कपानंतर सांगणार होता.

दुसऱ्या टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी कोरलेली. शेजारी एम अधिक एस. चिखल आणि बर्फ, दोन्ही चालतं. लातूर-नांदेडला बर्फ म्हणजे लग्नाच्या सरबतातला, नाहीतर २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारांच्या रूपाने पडून ज्वारी झोपवून गेला तो. मे महिन्यात बेचाळीस अंशांवर या चांदणीचे पैसे मोजून ती अंगावर मिरवायची, हे आमच्या लग्नातल्या सुटासारखंच झालं.

गप्पांच्या ओघात मी तात्यांना सांगितलं की हवेचा टायर चालता केला तो डनलॉप नावाच्या माणसाने, १८८८ साली बेलफास्टमध्ये, पोराच्या तीनचाकी सायकलीसाठी. आणि हा डनलॉप धंद्याने जनावरांचा डॉक्टर होता. तात्यांनी मांडीवर थाप मारली. "तरीच! आरं, जनावराचा पाय ज्याला कळतो त्यालाच चाक कळनार." लहानपणी लाकडी चाकाची गाडी जाऊन गावात पहिली टायरगाडी आली, तिला डनलॉपच म्हणायचे, ते त्यांना आठवलं. बैलांचे खांदे हलके झाले त्या वर्षी, म्हणाले. दुकानदाराने लगेच हमीचा कागद पुढे केला. पाच वर्षांची वॉरंटी. तात्यांनी पायातली वहाण काढून काउंटरवर ठेवली, ट्रकच्या टायरच्या तळाची.

"हिला नऊ झाली."

मग आला आकाराचा आग्रह. दुकानदार म्हणे, सर, २१५ च्या जागी २३५ घाला, गाडी उंच होते. मी कागद मागवला. २१५/७५ चा व्यास ७०३.५ मिलिमीटर, २३५/७५ चा ७३३.५. फरक ३० चा. पण त्यातला वरचा अर्धा वरच राहतो, गाडी उचलली जाते ती १५ मिलिमीटर. म्हणजे दीड सेंटिमीटर. पाणंदीतली चाकोरी हातभर. शिवाय चाक मोठं झालं की मीटर खोटं बोलायला लागतं. काटा ८० वर असताना गाडी जवळपास साडेत्र्याऐंशीने पळत असते. दुकानदार माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मी ओळखतो. तोंडी परीक्षेला मी पोरांकडे तसाच बघतो. २१५ वरच मिटलं.

भाव निघाला एकाचा साडेसात हजार. तात्यांनी उपरण्याची घडी मोडली, हातावर टाकली आणि तो झाकला हात दुकानदारापुढे केला. बैलबाजारात सौदा असाच होतो, कापडाखाली बोटं दाबून, शेजाऱ्याला कळू न देता. दुकानदाराला वाटलं आजोबांना हात मिळवायचाय. त्याने आदराने दोन्ही हातांत तो धरला. तात्यांनी आत त्याची तीन बोटं दाबली. तो म्हणाला, "आशीर्वाद असू द्या." एवढ्यावर सौदा मोडला आणि छापील भाव कायम झाला. ट्रॅक्टरच्या टायरला जीएसटी पाचच टक्के आहे, हेही तेवढ्यात निघालं. तात्या म्हणाले, "मंग ह्याला ट्रॅक्टरचेच बशीव की."

स्टेपनीसकट पाच टायर. साडेसदतीस हजार. सोयाबीनच्या त्या वर्षीच्या हमीभावाने, म्हणजे ५,३२८ ने, सात क्विंटल. हमीभाव मिळाला तर.

टायर चढवणारे उस्ताद इतका वेळ गप्प होते. लोखंडी टॉमीने जुना टायर रिमवरून उचकटत त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "साब, खेत किधर है?" अहमदपूरकडे, म्हटलं. "काली मट्टी?" हो. उस्तादांनी नवा टायर एकदा गोल फिरवला, खाचेत बोट घातलं आणि म्हणाले, "ये तो पहाड का माल है. काली मट्टी में कायकू डालरै?" दुकानदार खाकरला. उस्ताद पुन्हा गप्प झाले. त्या दुकानात खरं बोलायचा पगार त्यांना मिळत नव्हता.

काउंटरवरच्या रंगीत पुस्तिकेत एक गाडी चिखलातून चालली होती. दोन्ही बाजूंना तपकिरी कारंजी, वर निळं आभाळ. मी त्या चित्राकडे बघत राहिलो आणि तिथेच मला कळायला हवं होतं. उडणारा चिखल हा मुळात सज्जन. अंगावर येतो, जातो. आमचा चिखल उडत नाही, तो मुक्कामाला येतो. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, विड्याच्या पानांच्या चळतीसारखे थरावर थर. थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगेत पाना पडला तर तो नातवाला सापडतो. पण पावसाळ्यात हीच माती मेणासारखी होते आणि मग ती टायरशी जे करते ते बघण्यासारखं असतं.

टायरला खाचा असतात त्या चिखल झटकायला. चाक गरकन फिरावं, चिखल बाहेर फेकला जावा, खाच मोकळी व्हावी आणि रबराच्या कडांनी पुन्हा जमीन धरावी, असा कंपनीचा बेत. काळी माती पहिल्या फेऱ्यात खाचा बघून घेते. दुसऱ्या फेऱ्यात लिंपून टाकते, आजी चूल लिंपायची तशी, बोट फिरवून, कोपरा न सोडता. तिसऱ्या फेऱ्याला साडेसात हजारांचा बटन टायर आणि माझा गोटा यांतला फरक कोणी ओळखून दाखवावा. चौथ्याला मातीवर माती चढते, सोयाबीनचं भुसकट तिच्यात कालवलं जातं, आणि चाक जाडजूड होऊन मडगार्डच्या आत फिरायला जागा मागू लागतं. बोलेरो मागच्या दोन चाकांनी ढकलली जाते. पुढची दोन नुसती दिशा दाखवतात, साहेब लोकांसारखी. मागची जागच्या जागी फिरतात, पुढची दिशा दाखवत राहतात, आणि गाडी पाणंदीत हळूहळू मळली जाते. कणकेसारखी.

हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही. जन्म त्या मातीतला. पण खिशात पैसे आणि पुढ्यात नवा माल असला की माणूस माहेरचं विसरतो.

असो. झेंडू वाहिला, नारळ फोडला, गाडी लातूरकडे काढली. लोहा येईपर्यंत मला वाटलं मागे कुठलं तरी विमान उतरतंय. माळाकोळीला खिडकी बंद करून बघितली. आवाज आपल्याच गाडीचा होता, घुंऽऽ असा अखंड, साठीला खर्जात, ऐंशीला वरच्या पट्टीत. खाचांमध्ये अडकलेली हवा दबून सुटते, तिचा हा आलाप. लातूरला बायको जिना उतरून आली, दोन चौक फिरून आली आणि म्हणाली, "अहो, गाडीत पिठाची गिरणी बसवली का?" मुलगा खाली येऊन चारही बाजूंनी फोटो काढून गेला. त्या आठवड्यात क्लासमध्ये त्याचा भाव वाढला. साडेसदतीस हजारांतलं काही तरी वसूल झालं म्हणायचं.

दिवाळी झाली आणि पुन्हा आभाळ आलं. शनिवारी रात्री चांगला कोसळला. रविवारी सकाळी लातूरहून निघताना माझ्या अंगात काय संचारलं होतं विचारू नका. एवढ्या आतुरतेने चिखलाची वाट मी म्हशीलाही बघताना पाहिलेलं नाही. गावातून तात्यांना घेतलं. त्यांना शेतातल्या आखाड्यावरची गाय बघायची होती. पाणंदीच्या तोंडाशी गाडी थांबवली. समोर अडीच किलोमीटर काळी कणीक, तिच्यावर उजाडलेलं ऊन.

मी वाचून ठेवलं होतं की चिखलात शिरताना टायरची हवा कमी करायची. टायर पसरतो, जास्त जमीन धरतो. खाली बसून मी फुस्स करून हवा सोडायला लागलो.

"नव्या टायरची हवा कामून सोडलालास?" तात्यांनी वरून विचारलं.

सांगितलं. ते ऐकून घेतात सगळं. मग म्हणाले, "आन् परत कोन भरनार? हितं तर पंप न्हाई." खरंच नव्हता. सर्वांत जवळचा अहमदपूरला. मी दुसऱ्या टायरकडे वळलेला हात मागे घेतला.

"बरं, आत जाऊन तुला करायचं काय हाय?"

मोटार बघायची, म्हटलं. लाइट गेलेली होती. हरभऱ्याचं रान बघायचं. "बघून काय करतूस? वाफसा कुठाय?" पाऊस उघडावा, ओल राहावी पण माती पायाला चिकटेनाशी व्हावी, तेव्हा वाफसा आला म्हणतात; त्याच्या आधी वावरात औत घालत नाहीत. बैल नाही, ट्रॅक्टर नाही, पेरणी नाही. घातलंच तर नुसती ढेकळं निघतात, ती वर्षभर फुटत नाहीत. म्हणजे ज्या दिवशी पाणंदीला चिखल असतो, त्या दिवशी वावरात कोणालाच काही काम नसतं. वर्षाच्या त्या ४० किलोमीटरांचा हिशेब मी टायरच्या बाजूने पैशापर्यंत केला होता. वावराच्या बाजूने कधी मांडलाच नव्हता. शिपाईमामांचे कप वाजल्यासारखे वाटले.

तेवढ्यात आतून फटफट ऐकू आली. आखाड्यांवरून दूध गोळा करणारा पोरगा, शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूंना दोन-दोन कॅन, पाय पसरून दोन्ही बाजूंनी जमीन ढकलत येत होता. हा रोज येतो, पाऊस असो की काही. गायीला वाफसा कळत नाही. त्याच्या मागच्या टायरकडे मी मुद्दाम बघितलं. गोटा. माझ्या जुन्यापेक्षाही गोटा. पण पुढच्या चाकावर मडगार्डच नव्हतं.

"ते कुठंय?" मी विचारलं.

"घरी, माळवदावर. मृग निघाला की दहा नंबरच्या पान्यानं काढून ठेवतो सर. चार बोल्ट. माती अडकायलाच जागा न्हाई ठेवायची. आता थंडी पडली की बसवतो." त्याने माझ्या टायरांवरून कौतुकाने हात फिरवला. "लई भारी बसवलाव. केवढ्याला?"

मी आकडा थोडा कमी करून सांगितला. तो डांबरावर चढला, दोन ठिकाणी मातीचे लोंदे टाकत निघून गेला.

तात्या खाली उतरून धोतर वर खोचत होते. मीही बूट काढले. टायरांची लव अजून गेलेली नव्हती. कडेला ते रबरी केस उन्हात बारीक हलत होते, आणि हे वासरू त्या राडीत घालायचा मला धीर होईना. शिवाय लातूरला पाणी रोज येत नाही, गाडी धुवायची कशाने. तात्यांनी पायातल्या नऊ वर्षांच्या वहाणा काढल्या, एकमेकींवर आपटून माती झटकली आणि माझ्या हातात दिल्या.

"गाडीत ठेव. भरतील."

मी त्या पुढच्या सीटखाली ठेवल्या, गाडीला कुलूप लावलं आणि त्यांच्या मागे अनवाणी पाणंदीत उतरलो. मागे सडकेवर सात टायर कोरडे उभे होते.